नावाआधीचा ‘बॅ.’ लंडनच्या ज्या बोळांतून येतो

बॅ. मुकुंदराव जयकर, बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले. ही नावं आपण कायम अशीच वाचत आलो. ‘बॅ.’ काढला तर नाव अर्धं वाटावं, इतका तो अंगवळणी पडलेला. पण हा ‘बॅ.’ नेमका कुठल्या विद्यापीठाचा, असं विचारलं तर कुणी ऑक्सफर्ड म्हणेल, कुणी केंब्रिज, कुणी लंडन विद्यापीठ.

तो कुठल्याच विद्यापीठाचा नाही. बॅरिस्टर ही पदवीच नव्हे. इंग्लंडमधली ती वकिलीची सनद आहे, आणि ती सरकार देत नाही, विद्यापीठ देत नाही, न्यायालयही देत नाही. लंडनमधल्या चार जुन्या संस्था ती देतात: इनर टेंपल, मिडल टेंपल, लिंकन्स इन आणि ग्रेज इन. या चारींपैकी एकीचे सभासद झाल्याशिवाय आजही तिथं कुणी बॅरिस्टर होऊ शकत नाही. चारही संस्था शहराच्या ऐन मध्यात, टेम्स नदीपासून उत्तरेला होबर्नपर्यंतच्या एका पट्ट्यात आहेत. पायी जेमतेम वीस मिनिटांचं अंतर. तरीही बाहेरच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारो माणसांना आत काय आहे याचा पत्ता नसतो.

इंग्रजी वकिलीबद्दल मी आधी बरंच वाचलं होतं, पण ती डोक्यात बसत नव्हती. सॉलिसिटर वेगळा का, बॅरिस्टर वेगळा का, वकील होण्यासाठी जेवणं कसली जेवायची? या वस्तीचा नकाशा समोर ठेवून वाचायला लागल्यावर एकेक गोष्ट जागेवर बसली. म्हणून इथं तोच क्रम ठेवतो: आधी जागा, मग कायदा.

दिंडीतून आत

फ्लीट स्ट्रीट हा एकेकाळचा वर्तमानपत्रांचा रस्ता. बस, टॅक्सी, कॉफीची दुकानं, कानात यंत्र खोचून घाईनं चालणारी माणसं. याच रस्त्यावर १७ क्रमांकाचं एक लाकडी सांगाड्याचं जुनं घर आहे, १६१० सालचं. त्याच्या पोटातून एक कमान आत जाते. दार इतकं साधं की दोन दुकानांमधला खासगी बोळ वाटावा. तिथून आत शिरलं की उतार लागतो आणि पन्नास पावलांत वाहनांचा आवाज मागे पडतो.

आतली रचना आपल्याला परकी वाटत नाही. वाड्यासारखीच आहे. एका चौकातून दुसऱ्या चौकात, तिथून बोळातून तिसऱ्या. पंप कोर्ट, ब्रिक कोर्ट, हेअर कोर्ट, फाउंटन कोर्ट अशी चौकांची नावं. इथल्या ‘कोर्ट’चा अर्थ न्यायालय नव्हे, चौकच. फरशी दगडी, इमारती विटांच्या, आणि संध्याकाळी गॅसचे दिवे लागतात. अजूनही.

हा सगळा भाग म्हणजे टेंपल. त्यात दोन संस्था शेजारी शेजारी आहेत, इनर आणि मिडल. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही. मग कुठली इमारत कुणाची हे कसं ओळखायचं? मान वर करायची. भिंतीवर, कमानीवर, दिव्याच्या खांबावर, पावसाच्या पन्हळीवरसुद्धा छोटं चिन्ह असतं. पंख असलेला घोडा दिसला तर इनर टेंपल. झेंडा धरलेलं कोकरू दिसलं तर मिडल टेंपल. एकदा ही खूण कळली की प्रत्येक वळणावर मान आपोआप वर जाते.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे जिन्याच्या दारापाशी रंगवलेली नावं. प्रत्येक दाराच्या बाजूला एक उभी पाटी, तिच्यावर एकाखाली एक वकिलांची नावं, हातानं रंगवलेली. क्रम आडनावाचा नाही, ज्येष्ठतेचा. ज्यांना सर्वांत आधी सनद मिळाली ते वर, नवखे तळाला. वरचं नाव पुसलं गेलं की खालची सगळी एक घर वर सरकतात. मला स्वतःला या वस्तीतलं सगळ्यात बोलकं दृश्य हेच वाटतं. या पाटीवर तळाला का होईना, जागा मिळवण्यासाठी तरुण वकिलांची किती वर्षं जातात ते पुढे येईलच.

वकील इथंच का जमले?

टेंपल म्हटल्यावर आपल्याला देऊळ आठवतं. इथं तो शब्द आला टेंप्लर नावाच्या पंथावरून. धर्मयुद्धांच्या काळात जेरुसलेमला जाणाऱ्या यात्रेकरूंचं रक्षण करणारे हे लढवय्ये संन्यासी. जेरुसलेममधल्या प्राचीन मंदिराच्या जागी त्यांचा मुक्काम होता, म्हणून ते टेंप्लर. लंडनमध्ये त्यांनी नदीकाठी ठाणं उभारलं आणि एक चर्च बांधलं. त्याचा जुना भाग गोल आहे, जेरुसलेममधल्या पवित्र समाधीच्या चर्चवर बेतलेला. १० फेब्रुवारी ११८५ ला जेरुसलेमचे धर्माधिकारी हेराक्लियस यांच्या हस्ते त्याची प्रतिष्ठापना झाली.

ते चर्च आजही उभं आहे. गोलाच्या जमिनीवर दगडी योद्धे उताणे पडलेले दिसतात, चिलखत घातलेले, काहींचे पाय एकावर एक टाकलेले. त्यात एक विल्यम मार्शल यांचा पुतळा. १२१५ मध्ये राजा जॉन आणि सरदार यांच्यात जी बोलणी झाली, जिच्यातून पुढे मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी सनद निघाली, तिच्यात मध्यस्थी करणाऱ्यांपैकी ते एक. त्या वर्षीच्या जानेवारीत सरदार राजाला येऊन भेटले ते याच टेंपलमध्ये. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बनी चर्चचं छप्पर पेटलं आणि जळती लाकडं या पुतळ्यांवर कोसळली. तेव्हाचे व्रण दगडावर अजून वाचता येतात.

टेंप्लर पंथ १३१२ मध्ये पोपनं बरखास्त केला. जागा दुसऱ्या पंथाकडे गेली आणि त्यांनी ती भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भाडेकरू आले ते वकील.

वकिलांना ही जागा सोयीची का होती, हे नकाशा पाहिला की लगेच कळतं. लंडन म्हणजे तेव्हा दोन वेगळी गावं होती. पूर्वेला तटबंदीतलं व्यापाऱ्यांचं शहर. पश्चिमेला वेस्टमिन्स्टर, म्हणजे राजाचा दरबार. मॅग्ना कार्टात एक कलम आहे: सामान्य दिवाणी दावे राजाच्या स्वारीमागून फिरणार नाहीत, एका ठरलेल्या जागी चालतील. त्याआधी राजा जाईल तिकडे त्याचं न्यायालय जायचं आणि बिचारा फिर्यादी मागे धावायचा. ठरलेली जागा म्हणजे वेस्टमिन्स्टर. खटले तिकडे, पैसेवाले अशील इकडे. वकिलांनी बरोबर मधली जागा धरली.

एक गंमत अशी की, चारही संस्थांना स्वतःची जन्मतारीख सांगता येत नाही. १३८१ च्या शेतकरी उठावात लोक टेंपलवर चालून गेले आणि त्यांनी तिथले कागद जाळले. जमिनीचे, कराचे, वेठीचे हक्क ज्या कागदांवर लिहिलेले होते त्यांच्यावर लोकांचा राग होता, आणि ते कागद सांभाळणाऱ्यांवरही. लिंकन्स इनच्या नोंदवह्या तेवढ्या १४२२ पासून सलग आहेत. टेंपलची जागा दोन्ही संस्थांना कायमची मिळाली १६०८ मध्ये, पहिल्या जेम्स राजाच्या सनदेनं. अट एवढीच: चर्चची आणि तिथल्या धर्मगुरूच्या घराची देखभाल करायची. ती अट चारशे वर्षांनंतर अजून पाळली जाते. आणखी एक विशेष म्हणजे इनर आणि मिडल टेंपल कायद्यानं स्वतःच स्थानिक स्वराज्य संस्था आहेत. शहराच्या पोटात आपापली छोटी नगरपालिकाच म्हणा.

इन म्हणजे काय?

‘इन’ म्हणजे मुळात सराई, बिऱ्हाड करून राहण्याची जागा. मध्ययुगात शिकाऊ वकील इथं राहायचे, जेवायचे, शिकायचे. ऑक्सफर्ड-केंब्रिजला तेव्हा कायदा शिकवत, पण तो रोमन कायदा आणि चर्चचा कायदा. इंग्लंडच्या न्यायालयांत जो चालायचा, न्यायाधीशांच्या एकेका निकालातून घडत गेलेला, ज्याला कॉमन लॉ म्हणतात, तो विद्यापीठात शिकवलाच जात नव्हता. मिडल टेंपलचे सभासद विल्यम ब्लॅकस्टोन यांनी ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी कायद्याचे पहिले प्राध्यापक म्हणून सुरुवात केली ती १७५८ मध्ये. तोपर्यंत कायदा शिकायचा तर तो या चौकांतच. एक प्रकारचं गुरुकुल.

शिकण्याची पद्धत सोपी होती. दिवसा वेस्टमिन्स्टरला जाऊन खरे खटले ऐकायचे. संध्याकाळी इनच्या भोजनगृहात खोटे खटले चालवायचे. तिथं बाकं मांडून न्यायालय उभं करत. ज्येष्ठ सभासद न्यायाधीश होऊन बाकावर बसत. बाक म्हणजे बेंच, म्हणून ते बेंचर. मध्ये एक आडवा कठडा कल्पिलेला, तो बार. शिकाऊ पोरं कठड्याच्या आत बसून ऐकायची. पुरेशी तयारी झाली की बेंचर त्याला कठड्याशी येऊन युक्तिवाद करायला बोलवत. ‘बारवर बोलावणं’ ते हे. बॅरिस्टर या शब्दाचं मूळ त्या कठड्यात आहे. आपल्या ‘बार असोसिएशन’मधला बारही तोच. आजही सनद देण्याच्या समारंभाला तिथं ‘कॉल’ म्हणतात, म्हणजे हाक मारणं.

या भोजनगृहांपैकी एक तरी बघायलाच हवं, आणि ते म्हणजे मिडल टेंपलचं. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या काळातलं, वर ओक लाकडाचं दुहेरी तुळयांचं छप्पर. वरच्या टोकाला बेंचरांचं २९ फूट लांबीचं टेबल, एकाच ओक झाडाच्या फळ्यांचं. ते लाकूड राणीनं दिलं आणि विंडसरच्या जंगलातून नदीतून वाहत आणलं, असं तिथं सांगतात. याच दालनात २ फेब्रुवारी १६०२ ला शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’चा प्रयोग झाला. त्या नाटकाच्या प्रयोगाची ती सर्वांत जुनी नोंद, आणि ती सापडली एका विद्यार्थ्याच्या रोजनिशीत. नाटकं, नाच, गाणी हा इनमधल्या शिक्षणाचाच भाग होता. चारचौघांत उभं राहून बोलायला शिकायचं तर रंगमंचाइतकी चांगली शाळा नाही.

जेवणं

आता जेवणांकडे येऊ. ठरावीक सत्रांत, ठरावीक संख्येनं इनमध्ये जेवलात तरच सत्र भरलं असं धरायचे. परीक्षा वेगळ्या, जेवणं वेगळी. गांधीजी १८८८ मध्ये इनर टेंपलमध्ये दाखल झाले तेव्हाही हाच नियम होता: बारा सत्रं, आणि प्रत्येक सत्रात किमान सहा जेवणं. चौघांचा एक गट असायचा आणि गटाला दारूच्या दोन बाटल्या मिळायच्या. गांधीजी पीत नव्हते, त्यामुळे ‘आमच्या चौकडीत या’ असा आग्रह त्यांना सगळीकडून व्हायचा. हे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. आणि या जेवणांनी वकिली कशी येणार, हे आपल्याला कधी उमजलं नाही, असंही.

त्यांची शंका रास्त होती. त्यांच्या काळापर्यंत चर्चा, खोटे खटले, वडीलधाऱ्यांची शिकवण हे सगळं गळून पडलं होतं आणि ताट तेवढं शिल्लक राहिलं होतं. पण मूळ कल्पना वेडगळ नव्हती. हा धंदा विश्वासावर चालतो. आज समोरच्या पक्षाकडून उभा असलेला वकील उद्या तुमच्या शेजारी बसणार आहे, परवा न्यायाधीश होणार आहे. ही माणसं एका पंक्तीला जेवलेली असली की शब्द पाळण्याचा धाक आपसूक राहतो. आता या जेवणांना व्याख्यानं, सराव, चर्चा यांची जोड आहे. विद्यार्थ्यांनी अशी ठरावीक सत्रं पुरी करायचीच असतात, पण नुसतं जेवून भागत नाही.

१९२२

याच पंक्तीची दुसरी बाजू अशी की, पंक्तीला कुणाला बसवायचं आणि कुणाला उठवायचं हे बेंचरच ठरवणार. सनद ही सभासदत्वावर अवलंबून, आणि सभासदत्व संस्थेच्या मर्जीवर. याचा अर्थ काय होतो ते एकाच वर्षात फार स्पष्ट दिसतं.

मे १९२२. आयव्ही विल्यम्स यांना इनर टेंपलनं सनद दिली. इंग्लंडमधल्या त्या पहिल्या महिला बॅरिस्टर. त्याआधी बायकांना दारच बंद होतं. १९०३ मध्ये बर्था केव्ह यांनी ग्रेज इनकडे अर्ज केला होता, तो फेटाळला गेला. १९१९ मध्ये संसदेनं कायदा केला, तेव्हा कुठे दार उघडलं.

जून १९२२. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना ग्रेज इननं सनद दिली. त्यांचा प्रवेश १९१६ चा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये सगळं अर्धवट टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये स्वतः पैसे उभे करून ते पुन्हा लंडनला गेले. इकडे कायद्याचा अभ्यास आणि तिकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा, दोन्ही एकदम. आज ग्रेज इनमध्ये त्यांच्या नावाची एक खोली आहे, २०२१ पासून. ज्या माणसाला स्वतःच्या देशात पाणवठ्यावर पाणी नाकारलं गेलं, त्यानं या पंक्तीत बसून सनद मिळवली आणि पुढे देशाच्या संविधानाचा मसुदा करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद भूषवलं. ग्रेज इनच्या चौकात उभं राहिलं की मला तरी दुसरं काही आठवत नाही.

नोव्हेंबर १९२२. इनर टेंपलनं गांधीजींचं नाव कमी केलं. त्या वर्षी मार्चमध्ये अहमदाबादच्या न्यायालयात राजद्रोहाबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती, तेच कारण. ते नाव पुन्हा लावलं १९८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.

गांधीजी पहिले नव्हते. श्यामजी कृष्ण वर्मा यांचं नाव इनर टेंपलनं १९०९ मध्येच काढलं होतं. ते परत लागलं २०१५ मध्ये. त्याच १९०९ मध्ये ग्रेज इनच्या बेंचरांनी विनायक दामोदर सावरकर यांना सनद द्यायचं नाकारलं. परीक्षा त्यांनी पार केल्या होत्या, प्रश्न राजकारणाचा होता. ते पास होऊनही बॅरिस्टर का झाले नाहीत, या प्रश्नाचं उत्तर या रचनेतच आहे. पदवी असती तर विद्यापीठाला ती अडवणं जड गेलं असतं. पण इथं शेवटची हाक बेंचरांची, आणि त्यांनी ती मारलीच नाही.

आणि नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या. १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देणाऱ्या पहिल्या महिला. परीक्षा दिली, पण बाई म्हणून पदवी नाही आणि सनदही नाही. पदवी हाती पडली १९२२ मध्ये. लिंकन्स इनची सनद १९२३ मध्ये. तीस वर्षं! त्याच वर्षी लिंकन्स इनमधूनच मिठन टाटा बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. सोराबजींचा अर्धपुतळा २०१२ पासून लिंकन्स इनमध्ये आहे.

सॉलिसिटर, बॅरिस्टर आणि कारकून

भारतात १९६१ च्या कायद्यानं वकिलांचा एकच वर्ग ठरवला: अधिवक्ता. तोच अशिलाला भेटतो, तोच कागद करतो, तोच न्यायालयात उभा राहतो. इंग्लंडमध्ये परंपरेनं हे काम दोघांत वाटलेलं आहे. भांडण झालं, घर विकायचं आहे, मृत्युपत्र करायचं आहे, तर माणूस आधी सॉलिसिटरकडे जातो. तो सल्ला देतो, पत्रव्यवहार करतो, पुरावे जमवतो. खटला वरच्या न्यायालयात उभा राहायची वेळ आली किंवा एखादा कठीण मुद्दा अडला, की सॉलिसिटर बॅरिस्टरला गाठतो. आपल्या डॉक्टरांशी ताडून बघा. सॉलिसिटर म्हणजे घरचा डॉक्टर, बॅरिस्टर म्हणजे त्यानं चिठ्ठी देऊन पाठवलेला सर्जन. आता या भिंती बऱ्याच पातळ झाल्या आहेत. काही सॉलिसिटरांना वरच्या न्यायालयांत उभं राहता येतं, काही बॅरिस्टर थेट अशील घेतात. पण मूळ साचा तोच.

बॅरिस्टर सहसा कुणाचा नोकर नसतो, बहुतेक जण स्वतंत्र व्यवसाय करतात. कंपनी काढत नाहीत, भागीदारी करत नाहीत. मात्र जागा, पुस्तकं, कर्मचारी यांचा खर्च वाटून घेण्यासाठी दहा-वीस, कधी शंभर जण एकत्र येतात. त्या बिऱ्हाडाला म्हणतात चेंबर्स. दाराजवळच्या पाट्यांवरची नावं त्यांचीच. यातून एक नवलाची गोष्ट घडते: एकाच खटल्यात दोन्ही बाजूंचे वकील एकाच चेंबर्समधले, एकाच जिन्यानं चढणारे असू शकतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण त्यांचा गल्ला वेगळा आहे आणि बोललेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही हा दंडक कडक आहे.

या चेंबर्सचा खरा कारभारी असतो कारकून. ‘कारकून’ शब्दानं फसू नका. कुणाला कोणतं काम द्यायचं, फी किती सांगायची, कोणत्या तारखेला कोण मोकळा आहे, सगळं त्याच्या हाती. नवख्या बॅरिस्टरचं नशीब बेंचरांपेक्षा कारकुनावर जास्त अवलंबून असतं असं म्हटलं तरी चालेल.

काम निवडण्याबाबतही एक नियम आहे, आणि मला तो या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा वाटतो. टॅक्सी-स्टँडवर रांगेत पहिली उभी असलेली टॅक्सी येईल त्या गिऱ्हाइकाला न्यायला बांधील असते. तसंच बॅरिस्टरचं. काम त्याच्या विषयातलं असेल, तो मोकळा असेल आणि फी योग्य असेल, तर ‘हा माणूस मला आवडत नाही’ किंवा ‘याचं मत मला पटत नाही’ म्हणून त्यानं नाही म्हणायचं नाही. ज्याच्यावर सगळा गाव चिडलेला आहे, त्यालाही वकील मिळतो तो या नियमामुळे.

पाटीच्या तळाला नाव लागायचं तर विषयाचं शिक्षण, मग इनमधली सत्रं आणि ‘कॉल’, मग एखाद्या चेंबर्समध्ये सहसा वर्षभर ज्येष्ठाच्या हाताखाली उमेदवारी. ‘कॉल’ मिळतो पुष्कळांना, उमेदवारीची जागा फार थोड्यांना. पुढे वर्षानुवर्षांच्या नावलौकिकानंतर काही जण राजाचे वकील होतात, म्हणजे किंग्ज काउन्सेल. ते रेशमी झगा घालू लागतात, म्हणून या बढतीला ‘रेशीम घेणं’ म्हणतात.

लिंकन्स इन: कायदा आणि सद्सद्विवेक

फ्लीट स्ट्रीट ओलांडून चान्सरी लेननं वर गेलं की लिंकन्स इनचं विटांचं जुनं महाद्वार लागतं. आतलं जुनं दालन १४९० च्या आसपासचं. इथल्या वकिलांचा विषय थोडा वेगळा: मालमत्ता, विश्वस्त निधी, वारसा, कंपन्या. त्यामागे एक जुनी कथा आहे.

समजा, एक सरदार धर्मयुद्धाला निघाला. बायकामुलं लहान. त्यानं जमीन मित्राच्या नावावर केली आणि सांगितलं, ‘मी नसताना यांचं बघ.’ मित्रानं पुढे हात वर केले: ‘जमीन माझ्या नावावर आहे, म्हणजे माझी.’ कॉमन लॉच्या न्यायालयात मित्रच जिंकणार, कारण कागद त्याच्या बाजूनं. मग बायको राजाकडे दाद मागे, राजा ते गाऱ्हाणं आपल्या चान्सलरकडे, म्हणजे राजमुद्रा सांभाळणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवी. चान्सलर बहुधा धर्मगुरू. तो म्हणे, ‘कागदानं जमीन तुझी, पण मनाला विचार. ती तू यांच्यासाठी सांभाळायची होतीस.’ अशा निकालांतून एक समांतर न्याय उभा राहिला, ज्याला इक्विटी म्हणतात, आणि न्यायालयाचं नाव चान्सरी. आज आपण ‘ट्रस्ट’ आणि ‘विश्वस्त’ म्हणतो ती कल्पना तिथली. चान्सरीचं न्यायालय कितीतरी वर्षं लिंकन्स इनच्या त्या जुन्या दालनात बसायचं. १८७० च्या दशकात दोन्ही प्रकारची न्यायालयं एक झाली आणि १८८२ मध्ये वेस्टमिन्स्टर सोडून फ्लीट स्ट्रीटच्या तोंडाशी, स्ट्रँडवरच्या नव्या इमारतीत आली. सहाशेहून अधिक वर्षांनी न्यायालयच वकिलांच्या दारात आलं.

लिंकन्स इनचं प्रार्थनागृह जमिनीपासून उचललेलं आहे. खाली मोकळे खांब, वर वास्तू. कवी जॉन डन यांनी तिची पायाभरणी केली, ते तिथले धर्मोपदेशक होते. बेंचर वारला की दुपारी तिथली घंटा वाजते आणि चेंबर्समधून कारकुनांना पाठवून विचारतात, कोण गेलं? प्रार्थनागृहाच्या बाजूच्या फरशीवर आणि भिंतीवर १९१५ च्या झेपेलिन, म्हणजे जर्मन हवाई जहाजांच्या, हल्ल्याच्या खुणा आहेत.

जायचं असेल तर

आठवड्याच्या कामाच्या दिवशी जा. शनिवार-रविवारी टेंपलची फ्लीट स्ट्रीटकडची दारं बहुधा बंद असतात. चौकांतून हिंडायला तिकीट लागत नाही, चर्च बघायला लागतं. भोजनगृहं सभासदांची, आत जायचं तर आधी विचारून ठेवावं लागतं. स्ट्रँडवरच्या न्यायालयात मात्र तपासणी करून कुणालाही जाता येतं. मागच्या बाकावर शांत बसून खरा खटला ऐकता येतो. केसांचे टोप आणि झगे कधी असतात, कधी नसतात, खटला कशाचा आहे त्यावर ते ठरतं.

टेंपलपासून सुरुवात करून लिंकन्स इन करावं आणि होबर्नला बाहेर पडावं. त्याच बाजूला, उजव्या हाताला काळ्या-पांढऱ्या लाकडी घरांची एक रांग दिसेल. ते स्टेपल इन, १५८५ चं, लंडनच्या १६६६ च्या आगीतून वाचलेलं. वकिलीची पूर्वतयारी करून घेणाऱ्या छोट्या इन असत, त्यांतलं हे एक. तिथून रस्ता ओलांडला की ग्रेज इन. आतली बाग तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांच्या देखरेखीखाली आखलेली, आणि कामाच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ती सगळ्यांना खुली असते. डबा घेऊन गेलात तरी कुणी उठवत नाही.